प्रोग्रॅमिंगचे धडे आपल्या रोजच्या मराठी कामातून यावेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इयत्ता सहावीपासून मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी, अशी भूमिका 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घेतली आणि तेव्हापासून या विषयावर बरेच बोलले व लिहिले जात आहे. या चर्चेत एक मोठा वर्ग मात्र कायम बाजूला राहतो. शिक्षण केव्हाच पूर्ण झालेले, संगणक क्षेत्राशी नोकरीचा संबंध नसलेले, पण दिवसाचे निम्मे काम संगणकासमोर बसून करणारे लिपिक, शिक्षक, पतसंस्थांचे कर्मचारी आणि ग्रंथपाल आता चाळिशी-पन्नाशीत छोटे प्रोग्रॅम लिहायला शिकू पाहत आहेत. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल या नात्याने मी त्यांच्यापैकीच एक आहे आणि या वर्गाच्या वतीने काही निश्चित मागण्या आपल्या पत्राद्वारे मांडू इच्छितो.

आमच्यासारख्यांना प्रोग्रॅमिंग हवे असते ते लहान लहान, पण वेळखाऊ कामांसाठी. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या दाखल नोंदवहीतील हजारो पुस्तकांची यादी लेखकाच्या आडनावानुसार लावायची असते. एकाच पुस्तकाची नोंद दोनदा झाली आहे का, हे शोधायचे असते. दुर्मिळ पुस्तकांच्या मुखपृष्ठांच्या स्कॅन केलेल्या शेकडो फाइलींना कॅमेऱ्याने दिलेल्या निरर्थक नावांऐवजी दाखल क्रमांकाची नावे द्यायची असतात. वर्गणी थकलेल्या सभासदांची यादी दर महिन्याला वेगळी काढायची असते. यातील प्रत्येक काम पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वीस-पंचवीस ओळींत होते. ही भाषा 1991 पासून सर्वांसाठी उपलब्ध आहे, ती विनामूल्य आहे आणि वाचनालयातील जुन्या संगणकावरही चालते. म्हणजे साधन हाताशी आहे आणि शिकण्याची इच्छाही आहे. अडचण पाठांची आहे. शिकवणीच्या चित्रफितींत आणि पुस्तकांत जी उदाहरणे येतात, ती जवळजवळ सगळी रोमन लिपीतील नावांची आणि परदेशी दुकानांतील विक्रीच्या आकड्यांची असतात. ती उदाहरणे अचूक चालतात, शिकणाऱ्याला हुरूप येतो आणि मग तो आपली मराठी यादी त्याच प्रोग्रॅमला देतो, तेव्हा पाठात कधीच न आलेल्या गोष्टी एकामागून एक समोर येऊ लागतात.

पहिला अडथळा फाइल उघडतानाच येतो. जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे साठवणीच्या तीन छोट्या घरांत, साठवले जाते. विंडोजवर पायथॉनला फाइल वाचायला सांगताना तिचे एनकोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, स्पष्ट केले नाही, तर आजही वापरात असलेल्या बहुतेक आवृत्त्या ती फाइल पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेल्या जुन्या चिन्हसंचाने वाचू लागतात. त्या संचात काही जागा रिकाम्या आहेत आणि आपला ऱ्हस्व उकार, पाय मोडण्याचे चिन्ह, तसेच ए, ऐ आणि झ यांचा शेवटचा बाइट नेमका त्या रिकाम्या जागांवर पडतो. याचा परिणाम नवख्याला चक्रावून टाकणारा असतो. यादीत फक्त पाटील, जोशी आणि कदम असतील, तर फाइल विनातक्रार वाचली जाते, मात्र पडद्यावर अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे उमटतात. त्याच यादीत एक कुलकर्णी आले की प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो. कारण ठाऊक नसलेला माणूस कुलकर्ण्यांच्या नोंदीत काय बिघडले आहे, हे शोधत बसतो. उपाय मात्र दोन शब्दांचा आहे. फाइल उघडण्याच्या आज्ञेत एनकोडिंग यूटीएफ-8 असल्याचे लिहिले, की सगळी नावे जशीच्या तशी वाचली जातात. प्रोग्रॅमने तयार केलेली यादी पुन्हा एक्सेलमध्ये उघडायची असेल, तर फाइलीच्या आरंभी ओळखचिन्ह टाकणारा यूटीएफ-8-सिग हा प्रकार वापरावा लागतो. मराठीत काम करणाऱ्या कोणालाही पहिल्याच तासाला हे सांगितले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट वर्णक्रमाची. पायथॉन शब्द लावतो ते युनिकोडमधील क्रमांकांनुसार आणि त्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि त्यापुढे क्ष व ज्ञ. राज्य शासनाने 2009 साली वर्णमाला आणि वर्णक्रम प्रमाणित करताना हाच क्रम धरलेला आहे. प्रोग्रॅमने लावलेल्या यादीत मात्र काळे हे कावरे आणि कासार यांच्या आधी येतात आणि क्षीरसागर हे कोल्हे यांच्यानंतर, पण खरे यांच्या आधी कुठेतरी सापडतात. वाचक यादीच्या शेवटी क्षीरसागर शोधतो, त्याला ते मिळत नाहीत आणि पुस्तक वाचनालयात नाही, असे समजून तो परत जातो. यावरही उपाय आहे. यादी लावताना तुलनेसाठी प्रत्येक अक्षराला आपण ठरवलेल्या वर्णमालेतील स्थान द्यायचे, एवढेच करावे लागते. पाच-सहा ओळींचे हे काम नवशिक्यासाठी उत्तम धडाही आहे, कारण क्रम म्हणजे काय आणि तो ठरवतो कोण, हे त्यातून कायमचे लक्षात राहते.

याहून सूक्ष्म अडचण कऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांची आहे. या नावांतील अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला जातो. दुसऱ्या रीतीत साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी माणसे असतात. आमच्या यादीत एकाच लेखकाची पुस्तके अशी दोन ठिकाणी विभागलेली होती, कारण वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या व्यक्तींनी वेगवेगळ्या कळफलकांवर नोंदी केल्या होत्या. नुसते पाहून हे कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी नावातील प्रत्येक चिन्ह सुटे करून त्याचे युनिकोडमधील नाव छापून घ्यावे लागते. पायथॉनमध्ये ही सोय आधीपासून आहे. तसे छापून घेतल्यावर एका नावात आरआरए हे अक्षर दिसते, तर दुसऱ्यात आरए, विराम (म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह) आणि शून्य रुंदीचा जोडक अशी तीन चिन्हे उलगडतात. सर्वसाधारण पाठांत सुचवली जाणारी युनिकोड-प्रमाणीकरणाची, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारी, आज्ञा येथे उपयोगी पडत नाही, कारण या दोन रूपांना ती समान मानत नाही. दुसरे रूप शोधून तेथे पहिले रूप घालण्याची ओळ स्वतःच लिहावी लागते.

सगळेच काही प्रतिकूल नाही, हेही नमूद केले पाहिजे. जुन्या नोंदींत प्रकाशनवर्ष कोठे १९६७ असे, तर कोठे 1967 असे लिहिलेले असते. पायथॉनला देवनागरी आकड्यांतील मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला, तर तो दोन्हींची एकच संख्या करून देतो. त्यासाठी वेगळे काहीही लिहावे लागत नाही. याउलट एक्सेलवर फार विसंबून राहणे धोक्याचे आहे. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक असलेल्या दहा अंकी जुन्या आयएसबीएनच्या आरंभीचे शून्य ते खाऊन टाकते, तेरा अंकी आयएसबीएन 9.78ई+12 असा दाखवते आणि संख्येचे पहिले पंधराच अंक खरे ठेवते. शासन निर्णयांवर छापलेला अठरा अंकी संगणक संकेतांक एखाद्याने रकान्याला मजकुराचे स्वरूप न देता तसाच नोंदवला, तर त्याचे शेवटचे तीन अंक शून्य होतात आणि तो निर्णय त्या क्रमांकाने पुन्हा कधीच सापडत नाही. हेच क्रमांक स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या सीएसव्ही फाइलीत ठेवून प्रोग्रॅमने मजकूर म्हणून वाचले, तर एक अंकही हलत नाही.

या तांत्रिक बाबींइतकीच कामाची शिस्तही शिकवली जायला हवी. एररचा लांबलचक इंग्रजी संदेश दिसला की नवशिका खिडकी बंद करून टाकतो. वास्तविक पायथॉनच्या संदेशाची शेवटची ओळ सर्वांत आधी वाचायची असते. काय बिघडले ते त्या ओळीत असते आणि कोणत्या ओळीवर बिघडले ते तिच्या वरच. फाइलींची नावे बदलण्याचा प्रोग्रॅम असेल, तर आधी जुने नाव आणि प्रस्तावित नवे नाव फक्त छापून पाहावे, यादीवर नजर फिरवावी आणि मगच प्रत्यक्ष बदल करणारी ओळ जोडावी. तीही मूळ फोल्डरवर न चालवता त्याच्या प्रतीवर चालवावी. आठ हजार नोंदींची फाइल अडत असेल, तर तिच्यातील दोनच नोंदी घेऊन अडचण तशीच येते का, ते पाहावे. बहुतेक वेळा ती दोन नोंदी निवडतानाच उत्तर सापडते. जाणकाराला विचारायची वेळ आलीच, तर आपण काय दिले, काय मिळायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले, या तीन गोष्टी लिहून विचारावे. "प्रोग्रॅम चालत नाही" या वाक्यावर कोणालाही मदत करता येत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तो प्रोग्रॅम लिहून देतात, मग हे शिकायचे कशाला, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. ही साधने उपयुक्त आहेत आणि मी ती वापरतो. परंतु काळे हे कासार यांच्यानंतर आले पाहिजेत, हे मागणाऱ्याला ठाऊक असावे लागते. मिळालेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, हे ज्याला आपली यादी माहीत आहे तोच तपासू शकतो, आणि तपासण्यासाठी प्रत्येक ओळ काय करते हे समजावे लागते. शिवाय सभासदांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असलेली खरी यादी अशा साधनांत किंवा अनोळखी संकेतस्थळांवर चिकटवणे हा सभासदांच्या विश्वासाचा भंग आहे. त्यासाठी काल्पनिक नावांच्या चार नोंदी पुरतात. हे भान देणारे प्रशिक्षणही कोठे दिसत नाही.

माझी पहिली मागणी प्रशिक्षणाविषयी आहे. 2001 साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने राज्यातील असंख्य सामान्य माणसांच्या मनातील संगणकाची भीती घालवली, हे त्या अभ्यासक्रमाचे मोठे काम आहे. त्यापुढची पायरी म्हणून छोट्या प्रोग्रॅमांचा एक अल्प मुदतीचा मराठी अभ्यासक्रम असावा आणि त्यात प्रत्येकाने आपल्याच कार्यालयातील, शाळेतील किंवा वाचनालयातील एक काम घेऊन यावे. आपले काम शिकणाऱ्याला पूर्ण ठाऊक असते, म्हणून उत्तर चुकले तर त्याला ते लगेच दिसते. परक्या आकडेवारीवर शिकताना ही सर्वांत मोठी सोय हातून जाते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 पासून अस्तित्वात आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी वाचनालये गावोगावी पसरलेली आहेत. हे वर्ग तेथेच भरवता येतील.

दुसरी मागणी राज्य मराठी विकास संस्था आणि भाषा संचालनालय यांच्याकडे आहे. वर्णक्रम, ळ आणि क्ष यांचे स्थान, अर्ध्या र ची दोन रूपे, जुन्या फॉन्टांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर, या बाबींवरील तपासलेले छोटे प्रोग्रॅम या संस्थांनी स्पष्टीकरणासह मराठीतून विनामूल्य उपलब्ध करून द्यावेत. यातील शेवटची बाब विशेष निकडीची आहे. जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर आतून रोमन चिन्हांचाच असतो. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, आणि रफाराचा प्रकार याच्या उलट असतो. त्यामुळे एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणारा साधा प्रोग्रॅम येथे पुरत नाही. अशा फाइलींत अनेक संस्थांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी अडकून पडल्या आहेत आणि ते फॉन्ट ज्या संगणकांवर होते, ते संगणक आता भंगारात जात आहेत.

तिसरी आणि अखेरची विनंती शासकीय कार्यालयांना आहे. त्यांनी याद्या आणि तक्ते केवळ स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात न देता युनिकोडमधील सीएसव्ही फाइलींच्या रूपातही द्यावेत. अनुदानपात्र वाचनालयांची यादी चित्रस्वरूपात आली, तर जिल्ह्यातील प्रत्येक ग्रंथपालाला आपले नाव डोळ्यांनी शोधावे लागते आणि पुढील नोंदीसाठी तीच माहिती पुन्हा हाताने टंकावी लागते. मूळ फाइल कार्यालयाच्या संगणकावर तयारच असते आणि ती सोबत जोडण्यासाठी कोणताही जादा खर्च येत नाही.

आपला विश्वासू,
एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा