भिंतीपाशी वळताना

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, पोहणं आता जमतंय, पण भिंत जवळ आली की पोटात गोळा येतो. शेजारच्या लेनमधली मुलं कोलांटी मारून सपकन मागे फिरतात आणि तू कठडा धरून, गॉगल सारखा करून, दोन श्वास घेऊन मग निघतेस. टर्न कसा शिकू, असं विचारलंस. फोनवर माझे हातवारे दिसले नसते, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुझं घोडं कोलांटीपाशी अडलेलं नाही, त्याच्या आधीच्या दोन-तीन स्ट्रोकमध्ये, म्हणजे हात मारण्यात, अडलंय. भिंत आली असं वाटलं की माणूस आपोआप हात आखडता घेतो. मान वर करून अंतर बघतो. मान वर आली की कंबर खाली जाते, कंबर गेली की वेग गेला, आणि वेगच नसेल तर अंग उलटणार कशाच्या जोरावर? पाय अर्ध्यातच लटकतात, नाकात पाणी जातं, ठसका लागतो आणि आपल्याला कोलांटी येत नाही असा समज होतो. तेव्हा भिंतीकडे बघायचं सोडून दे. खाली बघ. तळाला लेनच्या मधोमध काळी रेघ असते ना, ती स्पर्धेच्या मापाने बांधलेल्या तलावात भिंतीच्या 2 मीटर अलीकडे थांबते आणि तिथे तिला आडवी रेघ दिलेली असते, टी अक्षरासारखी. तोच तुझा इशारा. टी दिसला की उरलेलं अंतर ठरलेलं आहे. कुणाला त्यात एक स्ट्रोक लागतो, कुणाला दोन. तुझ्या हाताच्या लांबीवर आणि वेगावर ते अवलंबून आहे, मी इथून सांगू शकत नाही. तुमच्या तलावात टी नसेल तर तळाची एखादी फरशी हेरून ठेव.

कोलांटीची सवय मात्र भिंतीपासून लांब कर. तलावाच्या मधोमध, पण कमरेएवढ्या पाण्यात नको, डोकं तळाला लागेल. छातीच्या वर पाणी हवं. दोन-चार स्ट्रोक मार, दोन्ही हात मांड्यांपाशी ने आणि तिथेच राहू दे. आता हनुवटी छातीला टेकव, पोट आवळ, डोकं खाली घाल. गुडघे नंतर, आधी डोकं. तळवे खालच्या बाजूला वळवून डोक्याच्या दिशेने पाणी दाबलंस की पाय आपसूक वरून येतात. गंमत अशी, की उलटं झाल्यावर हात शोधावे लागत नाहीत. ते होते तिथेच राहिलेले असतात, आपण त्यांच्याभोवती फिरलेलो असतो, त्यामुळे ते आता आयते डोक्याच्या पुढे असतात. हे एकदा अंगात उतरलं की अर्धा टर्न आला म्हणून समज.

नाकाचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. डोकं खाली जायला लागलं की नाकातून हवा सोडायला लागायचं आणि पाय भिंतीला लागेपर्यंत थांबायचं नाही. एकदम फुस्स करून संपवू नकोस, गुणगुणल्यासारखी हळूहळू सोड. खरंच तोंड मिटून गुणगुण, पाण्यात कुणाला ऐकू येत नाही. हवा बाहेर येत असेल तर पाणी आत जात नाही, इतकं ते साधं आहे. नाकाला लावायची क्लिप मिळते, पण मला विचारशील तर तिच्या नादाला लागू नकोस. विसरलीस त्या दिवशी पोहणंच बंद पडेल. सुरुवातीला चार कोलांट्यांनंतर गरगरेल. कानाच्या आतला द्रव हलतो, त्याने होतं ते. कठड्याला धरून थांब, डोळे एका जागी ठेव. सवयीने कमी होतं.

मग भिंत. पाय टेकतील तेव्हा तू पाठीवर असशील, बोटं वरच्या दिशेला किंवा जराशी तिरकी, गुडघे साधारण काटकोनात. इथे नवशिके हमखास घाई करतात: कोलांटी मारता मारताच अंग वळवून पालथं व्हायला बघतात. त्यात दोन्ही गोष्टी बिघडतात आणि पाय लेनच्या दोरीकडे जातात. सरळ उलटी हो, उताणीच ढकल आणि पुढे सरकता सरकता आधी कुशीवर, मग पालथी हो. गुडघे पोटात घुसत असतील तर तू भिंतीच्या फार जवळ वळतेस. पाय भिंतीला न लागता नुसतेच झाडले गेले तर फार लांब. पहिली चूक जास्त त्रासाची, कारण टाच कठड्यावर आपटू शकते आणि ती आपटली की दोन दिवस चालताना आठवण राहते.

ढकलताना हातावर हात, दंड कानामागे घट्ट. टर्नचा खरा फायदा इथेच आहे, कोलांटीत नाही. भिंत ढकलल्यावर मिळतो तो वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. याचा पुरावा हवा असेल तर हे बघ: 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिंकने 1500 मीटर फ्रीस्टाइल 14 मिनिटं 30.67 सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. तो 50 मीटरचा तलाव, म्हणजे 29 टर्न. जर्मनीच्या फ्लोरियन वेलब्रॉकने 2021 मध्ये तेच अंतर 25 मीटरच्या तलावात, 59 टर्न घेत, 14 मिनिटं 6.88 सेकंदांत कापलं होतं. वळण्यात वेळ जातो असं आपल्याला वाटतं, आणि जास्त वेळा वळणाऱ्याचा वेळ कमी भरतो! पाण्याखालून तर काही जण इतके वेगात जायचे, की 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकीने सुरुवातीचं बरंचसं अंतर पाण्याखालून कापून 100 मीटर बॅकस्ट्रोकचं, म्हणजे उताणं पोहण्याचं, सुवर्ण नेलं. त्यानंतर नियम आले. आता फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये 15 मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं. तुला इतकं जायचं नाहीये. वेग ओसरायच्या आत दोन-तीन किक मार आणि वर ये. पाण्याखाली रेंगाळलीस तर मिळवलेलं तिथेच घालवशील.

श्वासाचं मात्र खोटं बोलत नाही, त्रास होणार. कठडा धरून पोहताना प्रत्येक फेरीला तुला फुकटचे दोन श्वास मिळत होते. 25 मीटरच्या तलावात 1000 मीटर म्हणजे 39 टर्न. ते सगळे श्वास एका दिवसात काढून घेतले तर दम लागणारच. पहिले काही दिवस तू आधीपेक्षा हळू पोहशील, तेव्हा घड्याळ बघू नकोस. आधी प्रत्येक चौथ्या भिंतीला कोलांटी घे, बाकी ठिकाणी हात लावून वळ. मग हळूहळू वाढव. भिंतीच्या आधीच्या अगदी शेवटच्या स्ट्रोकला श्वास घेऊ नये असं कोच सांगतात, कारण मान बाजूला वळलेली असते. त्याच्या आधीच्या स्ट्रोकला घे. वर आल्यावर पहिल्या स्ट्रोकलाही थांबता आलं तर उत्तम, नाही जमलं तर घे बाई.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. दम पुरावा म्हणून आधी भराभर खोल श्वास घेत बसू नकोस. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटतो तो त्याच्यामुळेच. तो कमी झाला की ती जाणीव उशिरा येते आणि त्याआधीच माणूस पाण्यात बेशुद्ध होऊ शकतो. चांगले पोहणारेसुद्धा यात गेलेत. छातीत कासावीस झालं की वर यायचं, टर्न गेला खड्ड्यात.

आणि हात लावून वळणं कमी दर्जाचं आहे असं मनात आणू नकोस. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये ऑलिंपिकचे पोहणारेसुद्धा तसेच वळतात. तिथे दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात, नाहीतर बाद. त्यातही उरक असतो: हात लागले की गुडघे पोटाशी, एक हात लगेच मागे, दुसरा कानाजवळून, आणि खाली जाताना एकच श्वास. तू गॉगल सारखा करत थांबतेस, तेवढं सोडलंस तरी खूप झालं. लेनमध्ये बरीच माणसं असतील तेव्हा भिंतीच्या मधोमध उभी राहू नकोस, कोपऱ्यात सरक. मागून येणाऱ्याला वळायला जागा लागते.

या आठवड्यात भिंत नकोच, नुसत्या मधोमध कोलांट्या कर. त्या जमल्या की टीपासून तुला एक स्ट्रोक लागतो की दोन, तेवढं मोजून कळव. पुढचं मग बघू.

तुझी,
आई