तक्रार : होळी पौर्णिमेच्या रात्री विकलेला काळोख

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
विद्यार्थी सहल विभाग, मुख्य कार्यालय, पुणे.

विषय : कॅरिबियनमधील पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटाची सहल पौर्णिमेच्या रात्री ठेवल्याबद्दल आणि न लागणाऱ्या व्हिसाचे शुल्क घेतल्याबद्दल परताव्याची मागणी.

महोदय,

आपल्या मदत केंद्राशी काल रात्री झालेल्या संभाषणानंतर हा विषय फोनवर सुटणार नाही याची खात्री पटली, म्हणून लेखी कळवीत आहे. कार्यक्रमपत्रिका आपणच छापलेली असल्यामुळे ती इथे उतरवून काढत नाही.

व्हिएकेसवरील मॉस्किटो बे या खाडीची ख्याती कशामुळे आहे हे आपण जाणताच, कारण माहितीपत्रकात आपणच ते रसभरीत वर्णन करून सांगितले आहे. जगातील सर्वांत तेजस्वी जैवप्रकाशी खाडी म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. तिथल्या पाण्यात पायरोडिनियम बहामेन्स नावाचे एकपेशीय जीव असंख्य असतात आणि पाणी ढवळले की ते निळसर चमकतात. खाडीचे तोंड अरुंद आणि काठाला खारफुटी असल्यामुळे हे जीव समुद्रात वाहून न जाता आतच राहतात. मात्र ही चमक दिसायला काळोख लागतो, हे वाक्य माहितीपत्रकातून नेमके गळले आहे. आणि आपण आम्हाला तिथे उतरवलेत ते गुरुवार, 13 मार्च 2025 रोजी संध्याकाळी, म्हणजे हुताशनी पौर्णिमेला.

पुण्यातल्या कंपनीला होळी कधी आहे हे ठाऊक नसावे, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या दिवशी आपल्या कार्यालयाखालीही होळी पेटली असेल. पौर्णिमेच्या आसपास बेटावरचे अनेक स्थानिक चालक फेऱ्या बंदच ठेवतात. ज्यांनी सुरू ठेवल्या होत्या, त्यांच्यातला एक आपण शोधून काढलात, त्याबद्दल आपल्या चिकाटीचे कौतुक करावे लागेल. आम्ही कयाकमध्ये बसलो तेव्हा चंद्र चांगला वर आला होता आणि पाण्यावर वाचता येईल इतके चांदणे पडले होते. वाटाड्या सज्जन होता. त्याने एक काळी ताडपत्री आमच्या डोक्यावरून ओढून घेतली आणि तिच्या आत वाकून पाण्यात बोटे फिरवायला सांगितली. रबराचा वास, घामाने निथळणारी मान आणि बोटांभोवती क्षणभर उमटून विझणारे चार-दोन ठिपके, एवढेच आमच्या वाट्याला आले. आपल्या माहितीपत्रकातील तरुणी निळ्या पाण्यात पोहताना दाखवली आहे. त्या खाडीत पोहण्यास गेली अनेक वर्षे बंदी आहे, हे जाता जाता नमूद करतो. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहणही होते आणि त्यामुळे खरा काळोख पडला, पण तो रात्री अडीचनंतर. तोपर्यंत आपल्या कार्यक्रमानुसार आम्ही हॉटेलात झोपलेले असणे अपेक्षित होते.

माझी सुट्टी 16 मार्चपर्यंत होती. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. हीच फेरी शनिवारी ठेवली असती, तर चंद्र वर येण्यापूर्वीचा थोडा तरी काळोख पदरात पडला असता. नाहीतर या आठवड्यात खाडी दिसणार नाही असे स्वच्छ सांगून एल युंके जंगलातला एक दिवस वाढवून द्यायला हवा होता, मी आनंदाने गेलो असतो. मी रत्नागिरीचा आहे. आमच्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात कधी कधी लाटा अशा चमकतात, आणि त्या पाहायला पौर्णिमेला कुणी जात नाही.

बोटीचे प्रकरण थोडक्यात सांगतो. आपल्या व्हाउचरवर फाहार्दो येथील धक्क्याचा पत्ता होता. व्हिएकेसची प्रवासी बोट 2018 पासून सेइबा येथून, अमेरिकी नौदलाच्या जुन्या तळावरून सुटते. पहाटे फाहार्दोला उतरून बंद दरवाजा पाहणे, तिथून स्वखर्चाने टॅक्सी करणे आणि सकाळची बोट डोळ्यांदेखत गेलेली पाहणे, हा कार्यक्रम पत्रिकेत नव्हता. टॅक्सीची पावती सोबत जोडली आहे.

आता कालच्या संभाषणाकडे वळतो, कारण खरे पाहता हे पत्र त्यासाठीच आहे. बराच वेळ सनई ऐकवल्यावर आपल्या प्रतिनिधीने फोन घेतला. मी सर्व हकिकत सांगितली. ती शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "सर, चंद्र काही आमच्या हातात नसतो." मी म्हणालो की चंद्र हातात नसतो, पण कॅलेंडर असते. यावर कळफलकाचा बराच आवाज आला. मग त्यांनी विचारले, "पण टूर झाली ना? सिस्टीममध्ये कम्प्लीटेड दाखवतंय." झाली, पण ज्यासाठी होती ते दिसले नाही, असे मी सांगितले. "पाणी नीट हलवून बघितलं होतं का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. हलवून बघितले होते, महोदय. ताडपत्रीखाली ओणवे होऊन हलवून बघितले होते. एवढ्यावर थांबले असते तरी मी विसरून गेलो असतो, परंतु त्यानंतर अत्यंत समजूतदार स्वरात ते म्हणाले, "हे स्टुडंट पॅकेज आहे सर, एवढ्या किमतीत एवढं एक्स्पेक्ट नाही करायचं." आणि फोन ठेवण्यापूर्वी संभाषणाला पाचपैकी किती तारे देणार, हेही विचारायला विसरले नाहीत. पौर्णिमेला तारे फारसे दिसत नाहीत, एवढे मी त्यांना सांगितले.

ही "एवढी किंमत" मी अमेरिकेतील माझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, विद्यार्थी व्हिसावर सत्रात चालते त्या आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत काम करून जमवली होती. स्वस्त पॅकेजमध्ये हॉटेल साधे मिळावे, जेवण मोजके मिळावे, हे मला मान्य आहे. पण चुकीच्या धक्क्याचा पत्ता आणि चुकीची तिथी ही काटकसर होत नाही, ती बेफिकिरी होते.

माझ्या आजीने आपल्याच कंपनीबरोबर चारधाम केले. गौरीकुंडला पावसात अडकल्यावर आपल्या टूर मॅनेजरने तिच्या पथ्याची खिचडी रात्री कुठूनतरी शिजवून आणली होती, हे ती अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्या एका खिचडीच्या भरवशावर मी आपल्याकडे पैसे भरले. कालचा संवाद मी तिला सांगितलेला नाही.

खाडी सहलीचे संपूर्ण शुल्क, टॅक्सीचे भाडे आणि व्हिसा सहाय्य शुल्क पंधरा दिवसांत परत करावे. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार रत्नागिरी येथील जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते आणि त्यासाठी वकीलही लागत नाही, हे आपल्या विधी विभागाला ठाऊक असेलच. रत्नागिरीत तारखांना माझे वडील हजर राहतील. ते नुकतेच निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्याकडे वेळ भरपूर आहे.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.

आपला,
विद्यार्थी सहल विभागाचा ग्राहक
(सध्या इंडियाना, मूळ रत्नागिरी)

ता. क. : व्हिसा सहाय्य शुल्काचा उल्लेख वर ओघात झाला आहे, तो इथे सविस्तर करतो. पोर्तो रिको 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. शिकागोहून सान हुआनला जाणारे विमान हे देशांतर्गत विमान आहे आणि माझ्यासारख्या वैध विद्यार्थ्याला तिथे जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. "सर्व कॅरिबियन ठिकाणांना तो चार्ज लागतोच," असे मला सांगण्यात आले. कोणत्या देशाच्या व्हिसासाठी आणि कोणते सहाय्य आपण केलेत, ते कृपया परताव्याच्या पत्रात लिहावे. आणि खाडीची सहल पौर्णिमेला कोणी ठेवली, तेही.