पुराच्या अफवांवर आपल्या पोरांना अभ्यास करू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी इथल्या एका कॉलेजात स्टॅटच्या, म्हणजे संख्याशास्त्राच्या, शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला तिनं विषय काढला होता, पुराच्या वेळी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवा येतात कुठनं आणि किती तासात किती ग्रुपवर जातात. सर म्हणाले हा काय विषय आहे का, कपाटात जुने प्रोजेक्ट आहेत त्यातला एक घे. आता ती मोबाईल कंपन्यांच्या पसंतीचा सर्व्हे करतीय, जो तिच्या आधी पन्नास जणांनी केला असेल.

2019 ला आम्ही गावभागातच होतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी गेलं 57 च्या वर, लाइट नाही, फोनला जेमतेम चार्जिंग, आणि त्यात "कोयनेला तडा गेलाय" हा मेसेज तीन ग्रुपवर आला. आई रात्रभर बसून राहिली. खरं सांगायचं तर मी पण तो दोघांना पुढं ढकलला, विचार न करता. मुद्दाम खोटं सोडणारा वेगळा आणि माझ्यासारखा घाबरून पाठवणारा वेगळा, आणि या विषयात पहिली विभागणी हीच करतात, डिसइन्फर्मेशन आणि मिसइन्फर्मेशन अशी. आपल्याच जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंग्यात सप्टेंबर 2022 ला चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली, तिथं मारणारे कुठल्या प्रकारात बसतात हे कुणी जाऊन विचारलंय का?

अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी ट्विटरवरच्या 2006 ते 2017 मधल्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्या तपासल्या आणि 2018 ला छापलं की खोटी बातमी खरीपेक्षा लवकर आणि लांब जाते, आणि ते बॉटमुळं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळं नाही, माणसांमुळं. पण ट्विटरचा फुकटचा डेटा 2023 ला बंद झाला, फेसबुकवर काय पसरतंय हे दाखवणारं क्राउडटँगल 2024 ला गेलं, आणि आपलं सगळं चालतं व्हॉट्सॲपवर, जिथं बाहेरच्याला काहीच दिसत नाही. तिथं काय फिरतं हे कळायचं तर ते लोकांनीच आपणहून दाखवायला पाहिजे. मग आपल्या पोरांनी घरोघरी जाऊन, विचारून, नावं-नंबर खोडून फॉरवर्ड गोळा केले तर? काकू त्यांना फोन उघडून दाखवतील, परदेशातल्या प्रोफेसरला दाखवणार आहेत का?

राजकारण मधे येईल म्हणून सर लोक कचरतात, ते कळतं मला. मग पूर आणि घरगुती औषधं एवढ्यावरच सुरुवात करा की. शिवाजी विद्यापीठानं प्रोजेक्टच्या यादीत हा विषय घालावा, मार्क देताना स्टॅटचे एक आणि पत्रकारितेचे एक सर बसवावेत, फॉर्म झेरॉक्सचे चार पैसे द्यावेत. विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेत पण असे प्रोजेक्ट जाऊ देत.

कुणी शिक्षक गाइड व्हायला तयार असतील तर मुलीकडं फॉरवर्डचे स्क्रीनशॉट साठवलेले आहेत, माझा तो तड्याचा मेसेज धरून.

एक पालक,
गावभाग, सांगली