आव्यातलं मडकं आणि बेन्नूवरचा दगड

खानापूर,
कोजागरीनंतरचा रविवार

चि. रेवती हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या पोरांना सांगायचं म्हणून लिहिलेली ती आठ पानं मी दोनदा वाचली. आईनं एकदाच वाचली आणि म्हणाली, "पोरगी एम.एस्सी. झाली तरी अक्षर तसंच." हे फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठं देतेस?

माझं पहिलं भांडण तुझ्या पहिल्याच ओळीशी आहे. तू लिहिलंयस, "सूर्याच्या उष्णतेमुळे लघुग्रहांवरचे दगड फुटतात." नुसत्या उष्णतेनं फुटायचं असतं तर आपल्या घरात चार पिढ्यांत एक मडकं धड निघालं नसतं. आव्यात माती निखाऱ्यासारखी लाल होते, तरी टिकते. फुटते कधी? एक अंग तापलेलं आणि दुसरं गार, असं झालं की. तू दुसरीत होतीस तेव्हा पाडव्याच्या तोंडावर माठांची मोठी ऑर्डर होती. आवा पेटवला आणि पहाटे वळीव कोसळला. वरची राख धुऊन गेली, पाणी थेट तापल्या भांड्यांवर. मी अंथरुणातून ऐकत होतो, टिक, टिक, मग एकदम टण्ण. सकाळी ११२ माठांतले ३१ धड निघाले. भांड्याचं वरचं अंग गार होऊन आकसायला बघतं, आतलं अजून फुगलेलंच असतं. त्या ओढाताणीत भांडं जातं.

तेव्हा पोरांना ही ओढाताण सांग, मग बेन्नू या लघुग्रहावर ये. तुझेच आकडे मी हिशेबाच्या वहीत उतरून घेतलेत. बेन्नू जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद, सव्वाचार तासांत स्वतःभोवती एक फेरी. उन्हात १२७ अंशांपर्यंत तापतो, रात्री शून्याखाली २३ पर्यंत उतरतो. हवा नाही, ढग नाही, त्यामुळे सावली आली की गारठा लगेच. मी गुणाकार केला, वर्षाला दोन हजारांच्या वर वेळा तो दगड तापतो आणि निवतो. माझा आवा वर्षातून वीस वेळा पेटला तर पुष्कळ. एका वेळेला भेग केसाएवढीही वाढत नसेल, पण थांबतही नाही. शिवाय दगडातले कण एका जातीचे नसतात, प्रत्येकाची फुगण्याची रीत वेगळी. माती नीट न मळता वाळू घातली की आमचंही तेच होतं, वाळूच्या खड्यापासूनच तडा निघतो.

आणि त्या भेगांच्या दिशेवर तू दोनच ओळी लिहून पुढं गेलीस! माझ्या मते तुझ्या आठ पानांतली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. शास्त्रज्ञांनी यानानं काढलेल्या फोटोंत दीड हजाराहून जास्त भेगा मोजल्या आणि बऱ्याचशा वायव्येकडून आग्नेयेकडं जाणाऱ्या निघाल्या. दुसऱ्या दगडाची ठोकर बसून त्या पडल्या असत्या, तर चारी दिशांना गेल्या असत्या. ऊन मात्र रोज एकाच बाजूनं येतं, तेव्हा भेगाही एका वळणाच्या. मी फुटकं मडकं हातात घेतलं की आव्याला कुठल्या अंगानं वारा लागला ते सांगतो, गिऱ्हाइकांना ती जादू वाटते. या लोकांनी कोट्यवधी किलोमीटरवरच्या दगडाचं तेच केलं. अशी भेग पडायला दहा हजार ते एक लाख वर्षं लागतात, हे वाचून मात्र मी चष्मा काढून ठेवला. माणसाला ते लांबलचक वाटतं, पण आकाशातल्या हिशेबात ते काहीच नाही म्हणे.

पाऊस नाही, दंव नाही, तर दगड कसा फुटेल, असं पोरं विचारणारच. २०१४ साली उल्कांचे तुकडे प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा तापवून-थंडावून बघितले आणि भेगा वाढल्या, हे तुझ्या पाचव्या पानावर आहे. ते दुसऱ्या पानावर आण.

आता तुझ्या शंकेबद्दल. दगड इतके तडकतात तर बेन्नूवर आणि र्‍युगू या दुसऱ्या लघुग्रहावर बारीक वाळू का नाही? यान पोचण्याआधी लोक सपाट रेताड जमिनीची वाट बघत होते आणि भेटले नुसते धोंडे. तू लिहिलंयस, "दगड सच्छिद्र असल्यामुळे." बरोबर, पण पोरांना ते कळायचं नाही. त्यांना लीद दाखव. आजोबा मातीत घोड्याची लीद का मळायचे? भाजताना ती जळते आणि मडक्याच्या अंगात बारीक पोकळ्या राहतात. भेग पळत येते आणि अशा पोकळीपाशी तिचं टोक बोथट होऊन अडकते. म्हणून पाण्याच्या माठाला तडा गेला तरी तो उभा राहतो आणि चिनी मातीची बशी पडली की भुगा. बेन्नू, र्‍युगू हे माठाच्या जातीचे. इतोकावा या तिसऱ्या लघुग्रहाचे दगड घट्ट, तिथं बारीक खडी साठलेली दिसते.

धूमकेतूंचं पान मला आवडलं, तरी एक बदल कर. कच्चं भांडं नीट न वाळवता आव्यात ठेवलं तर काय होतं, ते खानापुरातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि भांडं उडतं. ६७पी धूमकेतूचा प्रकार याच्या जवळचा, फरक एवढाच की तिथं बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफच होते. वर धुळीचं कवच, आत बर्फ, आणि सगळा गोळा इतका पोकळ की पाण्यावर तरंगेल. त्यावर आस्वान नावाचा कडा होता. २०१४ साली रोझेटा यानाला त्याच्या माथ्यावर सत्तर मीटर लांब, मीटरभर रुंद भेग दिसली. धूमकेतू सूर्याजवळ जात होता आणि जुलै २०१५ मध्ये कडा ढासळला. धुळीचा फवारा उडाला, आणि मागे उघडं पडलेलं बर्फ चकाकलं. आधीची भेग आणि नंतरचा तुटलेला कडा, दोन्हीचे फोटो आहेत. हे दोन फोटो मोठे छापून आण. बाकी फोटो नसले तरी चालतील.

कन्नड शाळेतली पोरंही येणार आहेत. तेव्हा "भेग" म्हणताना "बिरुकु" पण म्हण, सर सांगत होते.

मी तुझ्यासाठी मडकी बाजूला काढतोय. एक वळवातलं, एका अंगानं तडकलेलं, ते अजून माळ्यावर आहे. एक ओलं असताना आव्यात उडालेलं, त्याची खापरं पिशवीत भरलीत. तिसरं लीद न घालता मुद्दाम बनवलंय, ते अजून भाजायचंय. बुधवारी पणत्यांचा आवा लावतोय त्यातच ठेवीन, पाऊस नसला तर.

तुझा,
अप्पा