आईचे डोळे आणि ताटातला पाला

संपादक महोदय, नमस्कार. आमची आई ७४ वर्षांची, मालवणला असते, गेल्या पावसाळ्यात तांदूळ निवडताना म्हणाली सुपाच्या मधोमध काळं दिसतंय, कडेचं मात्र नीट दिसतंय. आम्हाला वाटलं मोतीबिंदू, पण निघाला मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार! मेडिकलवाल्याने लगेच बीटा कॅरोटीनच्या (गाजरातल्या केशरी रंगद्रव्याच्या) गोळ्या दिल्या, ती तर मशेरी लावते, म्हणजे तंबाखूच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना त्याच गोळ्यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या अमेरिकन अभ्यासानंतर डोळ्यांच्या गोळ्यांत त्याजागी ल्युटीन, म्हणजे हिरव्या पाल्यातलं पिवळं रंगद्रव्य आलं, हे कुणी विचारतं का? ल्युटीन आपल्या शेवग्याच्या पाल्यातही असतं, तो परसात गळून कुजतोय आणि पोरं चहात बिस्किटं बुडवतायत, बघून जीव तुटतो. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, मोतीबिंदू या गोळ्यांनी जात नाही.

– एक वाचक, रत्नागिरी