पावसाच्या नऊ नक्षत्रांची टपाल तिकिटे काढावीत : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातील केळी उत्पादक असून गेली बत्तीस वर्षे हवामान या एकाच विषयावरची टपाल तिकिटे जमवीत आलो आहे. टपाल खाते आपल्या अखत्यारीत येते, म्हणून एक मागणी आपल्यापुढे जाहीरपणे मांडतो. मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसाच्या नऊ नक्षत्रांवर नऊ तिकिटांचा संच काढावा आणि त्याचे प्रकाशन मृग लागतो त्या दिवशी जळगावात करावे.

हा छंद मला आमच्या हवेनेच लावला. खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, उष्ण वाऱ्याने केळीची पाने करपतात आणि जूनच्या तोंडावर येणारे वादळ घडांनी लगडलेली बाग एका रात्रीत आडवी करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी पाण्याची घागर मातीच्या चार ढेकळांवर ठेवतात. ती ढेकळे आषाढ, श्रावण, भाद्रपद आणि आश्विन या महिन्यांची, आणि जे अधिक भिजेल त्या महिन्यात पाऊस अधिक, असे माझी आजी सांगे. ज्या घरात वर्षाची सुरुवातच आभाळाच्या अंदाजाने होते, तेथील मुलाने ढगांची आणि पावसाची तिकिटे जमवावीत यात नवल नाही.

माझ्या अल्बममधील परदेशी पाने भरलेली आहेत. ब्रिटनने 2001 मध्ये हवामानावर चार तिकिटे काढली, त्यांतील पावसाच्या तिकिटावरचा जांभळा ढग बोटाच्या उबेने निळा होतो. अमेरिकेने 2004 मध्ये पंधरा प्रकारच्या ढगांची पंधरा तिकिटे एका पानावर छापली आणि प्रत्येक ढगाची माहिती तिकिटाच्या पाठीमागे दिली. भारताचे पान मात्र लहान आहे. त्यावर 22 जून 1960 रोजी निघालेले 15 नव्या पैशांचे तिकीट आहे, ज्यात कालिदासाच्या ‘मेघदूत’ काव्यातला यक्ष मेघाची विनवणी करतो आहे. निरोप नेणारा ढग पोस्टाच्याच तिकिटावर आला, म्हणून सगळ्या संग्रहात मला ते अधिक प्रिय आहे. पुढे खात्याने 25 पैशांच्या पोस्टकार्डालाही मेघदूत हेच नाव दिले. त्याच्या शेजारी 1975 चे, हवामान खात्याच्या शताब्दीचे, वातकुक्कुटाचे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याचे, तिकीट आहे. ते एका खात्याच्या गौरवाचे तिकीट आहे आणि तो गौरव योग्यच आहे, पण शेतकरी ज्या पावसाची नावे घेतो तो पाऊस त्यावर नाही.

ती नावे किती चित्रमय आहेत ते पाहावे. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळका, मघाचा सासूंचा आणि पूर्वाचा सुनांचा. शिवाय पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेले असते : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती. कोणत्या नक्षत्राला कोणते वाहन हे दरवर्षी बदलते, पण वाहनेही नऊ आणि पावसाची नक्षत्रेही नऊ, त्यामुळे चित्रकाराला संचाची मांडणी आयतीच मिळते. वाहनावरून पाऊस ठरत नाही हे मला ठाऊक आहे आणि तसा दावा तिकिटाने करू नये. नक्षत्रांची गणना मात्र भक्कम पायावर उभी आहे. ती सूर्याच्या स्थितीवरून होत असल्याने सणांच्या तिथी मागेपुढे झाल्या तरी मृग 7 किंवा 8 जूनलाच लागतो, आणि म्हणूनच धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीची कोरड्या मातीतली पेरणी, कधी करायची याचा हिशोब शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नक्षत्रांवर मांडत आला. तिकिटासोबत निघणाऱ्या माहितीपत्रकात हे सर्व मराठीतही छापावे.

मृगाच्या तिकिटाला मातीचा वास असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्या खात्याने 2006 मध्ये चंदनाच्या आणि 2017 मध्ये कॉफीच्या वासाचे तिकीट काढलेले आहे, आणि कन्नौजचे कारागीर भाजलेल्या मातीपासून अत्तर गाळतात, तेव्हा हे अशक्य नाही. छपाईसाठी नाशिक रोडचे प्रतिभूती मुद्रणालय आमच्याच शेजारी आहे.

एका तिकिटाची किंमत पाच रुपयांच्या वर नसावी, म्हणजे रावेर-चोपड्याच्या शाळकरी मुलांनाही संच घेता येईल. सहावी ते नववीच्या संग्राहक मुलांसाठी आपल्या खात्याची स्पर्श शिष्यवृत्ती आहे, पण गावच्या काउंटरवर तिकिटेच मिळत नसतील तर मुलांनी जमवायचे काय? मागील वर्षी एका टपाल कार्यालयात मी स्मारक तिकिटे मागितली, तेव्हा ‘ते सगळं बंद झालं’ असे उत्तर मिळाले आणि माझ्या पाकिटावर यंत्रातले लेबल चिकटवून दिले गेले. त्या कर्मचाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्यापर्यंत तिकिटे पोचलीच नव्हती. या संचाच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील कार्यालयांना तो पहिल्याच दिवशी पुरेसा पाठवावा.

पाठवताना पानांमध्ये मेणकागद घालण्याची सूचना द्यावी. मेच्या कोरड्या हवेत डिंकाची तिकिटे वळतात आणि आर्द्रा लागल्या की दमटपणाने ती एकमेकांना चिकटतात. प्रकाशनाचा दिवस नेमका या दोहोंच्या मध्ये येतो, आणि त्या दिवशीचा शिक्का तारीख स्वच्छ वाचता येईल असाच उमटवला जावा.

आपला नम्र,
यावल तालुक्यातील एक तिकीट संग्राहक