तुमचे फाटे मी कापले

नागपूर, रविवार, सकाळचे अकरा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न.

पत्र पाहून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. फोनवरच सांगणार होते, पण बाबा, फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं दादा शेजारून ओरडून सांगतो. ही गोष्ट दादाच्या आवाजात तुमच्यापर्यंत जायला नको. शिवाय बाजूच्या काकू पुढच्या आठवड्यात लग्नासाठी पुण्याला येणार आहेत. तुम्हाला भेटल्याशिवाय त्या परतायच्या नाहीत, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.

तर, आपल्या घरालगतच्या सांदवाडीत टिनाखाली रचून ठेवलेले आबाजींच्या घराच्या छपराचे सागाचे फाटे मी कापले. आठातले सहा. मे महिन्यातच.

आता घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.

तुम्ही पुण्याला जायच्या आधी, मागच्या जानेवारीत आपण रोडगे केले होते ते आठवतात ना? गोवऱ्या पेटल्या, कणकेचे रोडगे निखाऱ्यांत गेले, आणि पुढचा दीड तास वीस-बावीस माणसं आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. आई, तू वांगी परतता परतता म्हणालीस, "माणसं बोलावली होती की फोन?" ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

छोटीकडे तो जेंगा आहे बघ, बोटाएवढ्या लाकडी ठोकळ्यांचा. तीन ठोकळ्यांचा एक थर, त्यावर आडवा दुसरा, असे अठरा थर, एकूण 54 ठोकळे. एका हाताने खालून एक ओढायचा आणि वर ठेवायचा. ज्याच्या हातून मनोरा पडला तो हरला. तोच मोठा करायचा, अंगणात उभ्याने खेळता येईल असा, हे माझ्या मनाने घेतलं. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, हा खेळ काढणारी लेस्ली स्कॉट आफ्रिकेत वाढली. घानातल्या टाकोराडीच्या आरामशीनवरून आणलेल्या ठोकळ्यांशी त्यांच्या घरचे खेळायचे. त्यावरून तिने हा खेळ बेतला आणि 1983 साली लंडनच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडला. नाव स्वाहिलीतलं, 'कुजेंगा' म्हणजे बांधणं. मूळ आरामशीनवरचंच. आपल्या लकडगंजात जन्मला असता तरी नवल नव्हतं.

लकडगंजात आधी गेलोच होतो. नव्या सागवानाचा भाव ऐकून तुमचे जावई स्कूटरवर जाऊन बसले. पॅकिंगचं पाइन स्वस्त होतं, पण ओलसर आणि वाकडं. घरी येऊन गाडी लावताना टिनाखाली नजर गेली. तीस वर्षं तुम्ही म्हणत आलात, "राहू दे, कामी पडतील." मला वाटलं, पडले.

आरामशीनवाला तयारच होईना. जुन्या लाकडात खिळे असतात, पट्ट्याचे दात जातात. छोटीच्या बाबांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलं आणि आम्ही दोघं रात्री अकरापर्यंत फाट्यांवरून ते फिरवत बसलो. एकोणतीस खिळे निघाले. तिसावा आरामशीनवर निघाला. पट्ट्याचे पैसे भरले, त्याबद्दल विचारू नका.

पहिला काप पडला आणि तो वास आला. बाबा, वरून राखेच्या रंगाचे, मेल्यासारखे दिसणारे ते फाटे आतून मधासारखे होते. कडेच्या पांढऱ्या भागात वाळवी शिरली होती, गाभ्याला तिने तोंड लावलेलं नव्हतं. खिळ्याभोवती मात्र लोखंडाने लाकूड निळं-काळं केलं आहे. तसे डाग असलेले चार ठोकळे आहेत, पोरं त्यांना 'खिळेवाले' म्हणतात.

माप असं: लांबी नऊ इंच, रुंदी तीन, जाडी पावणेदोन. लांबी बरोबर तीन रुंद्यांची हवी, नाहीतर थर चौरस बसत नाही. आठ फुटी फाट्यातून दहा, सहा फाट्यांतून साठ. सहा चिरलेले निघाले ते बाद, राहिले बरोबर 54. एकेक अर्ध्या किलोचा. सगळे मिळून सत्तावीस किलो.

सुताराने रंधा मशीनमधून सगळे असे एकसारखे काढले की सूतभरही फरक नाही. मी खूश. मनोरा रचला आणि एकही ठोकळा हलेना! सगळ्यांवर सारखंच वजन. मग कळलं, दुकानातल्या खेळात ठोकळे किंचित कमी-जास्त जाडीचे मुद्दाम ठेवतात. जाड ठोकळा भार घेतो, पातळ मोकळा राहतो, आणि कोणता मोकळा ते बोटाने चाचपायचं यातच सगळी गंमत. आपला सुतार म्हणाला, "ताई, जिंदगीभर सारखं काढायला शिकलो, आता बिघडवायला सांगून राहिल्या." शेवटी मीच पॉलिश पेपर घेऊन पंधरा-सोळा घासले.

वरून जवसाचं तेल लावलं, एकच हात. चकचकीत पॉलिशने ठोकळे घसरले असते. तेलाची फडकी बोळा करून टाकली नाहीत, दोरीवर मोकळी वाळत घातली. अशी फडकी आतल्या आत तापून पेट घेतात, हे तुम्ही मला दहावीत असताना सांगितलं होतं. बघा, ऐकते मी कधीकधी.

एका बाबतीत मात्र तुम्ही चुकलात. मुरलेलं सागवान हलत नाही म्हणता ना? हलतं. मेच्या कोरड्या उन्हात मापाला बसलेले तीन ठोकळे ऑगस्टमध्ये शेजारी ठेवले तर लांबीपेक्षा जवळपास एक सूत जास्त भरले. लांबी तेवढीच, फुगली ती रुंदी. आता थंडीत बरेचसे परत आले आहेत.

आणि माझी बाजू मांडायचीच तर एक आठवण करून देते. त्या ढिगाला तुम्ही एकदाच हात लावला होता. मी पहिलीत होते, तान्हा पोळा होता, आणि बाजारातला बैल मला नको होता. तुम्ही एका फाट्याचं टोक कापून मला चाकांचा बैल करून दिलात, त्याचं डावं चाक कायम निघायचं. दर वर्षी महालात मोठा लाकडी बैल बघायला नेताना, रघुजीराजे दुसरे यांनी 1806 साली पोरांसाठी हा पोळा सुरू केला, हे तुम्ही मला सांगायचात. मी त्या वेळी फक्त बोजाऱ्याचे, म्हणजे पोळ्याच्या ओवाळणीचे, पैसे मोजत असायची. तर खेळण्यासाठी ते लाकूड कापायची वाट तुम्हीच पाडून ठेवली आहे. मी नुसती चालले.

परवा रोडगे झाले. खाली बारदाना अंथरला, त्यावर चौरंग, त्यावर मनोरा. बूट-चप्पल घातल्याशिवाय जवळ यायचं नाही हा नियम केला, कारण मे महिन्यात एक ठोकळा तुमच्या जावयांच्या अंगठ्यावर पडला होता आणि नख अजून पूर्ण आलेलं नाही. तेविसाव्या थरापर्यंत गेलो. नंतर पोरं स्टुलावर. खालचे थर जाळीसारखे झाले होते, वारा आला की सगळे श्वास धरायचे. समोरचे काका, जे कुणाशी बोलत नाहीत, त्यांनी दहा मिनिटं चाचपून मधला एक काढला आणि टाळ्या पडल्यावर लाजले. पाडला काकूंनीच. आवाज असा झाला की दोन घरं पलीकडचा कुत्रा भुंकत सुटला. रोडगे उकरायचं भान कुणाला राहिलं नाही, खालच्या बाजूने चांगलेच करपले. आई, तुझ्यासारखी भाजी माझी होत नाही. सांबार (कोथिंबीर) घातला, तीळ घातले, तरी काहीतरी कमीच. काय ते काकूंजवळ लिहून पाठव.

बाद झालेल्या सहांपैकी एक आबाजींच्या स्वयंपाकघरावरच्या फाट्याचा आहे. त्याची एक बाजू रंधायची राहून गेली. अजून बोट फिरवलं की काजळी लागते. तो खेळात नाही, तुमच्या टेबलावर पेपरवर वजन म्हणून ठेवला आहे. पुसू नये असं कामवाल्या मावशींना सांगून ठेवलंय.

बाबा, रागावायचं असेल तर पत्रातच रागवा, फोनवर दादा मध्ये बोलतो. गुडघ्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा करा, एकदा करून दोनदा सांगू नका.

उरलेले दोन फाटे पुन्हा टिनाखाली ठेवले आहेत, खाली विटा देऊन. कामी पडतील.

तुमची,
ताई